मेचेन यांनी प्रिन्स्टन सोडलं ते बरोबर की चूक?

सलाम. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बी.डी.च्या (ईश्वरविज्ञानाच्या पदवीच्या) शेवटच्या वर्षाला तुम्ही अमेरिकन प्रेस्बिटेरियन (पाळक आणि वडील यांच्या सभांनी चालणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळीतले) ईश्वरविज्ञ जे. ग्रेसम मेचेन यांच्यावर प्रबंध लिहिताय. १९२९ मध्ये त्यांनी प्रिन्स्टन सेमिनरी (पाळक घडवणारी संस्था) सोडली. एका बाजूच्या लेखनात ते सत्यासाठी सगळं सोडून निघालेले विश्वासवीर दिसतात, तर दुसऱ्या बाजूच्या लेखनात हट्टी, भांडकुदळ आणि मंडळी फोडणारे. मार्गदर्शक म्हणतात, एक भूमिका घ्या. शिवाय जाता जाता तुम्ही विचारलंय की संस्था बिघडत चाललीय असं वाटलं तर माणसानं आत राहून झगडावं की बाहेर पडावं, याचं काही उत्तर मेचेन यांच्याकडून मिळतं का.

मी मंडळीचा इतिहास शिकवतो, आणि एका बायबल कॉलेजच्या नियामक मंडळावर बरीच वर्षं बसलो आहे. मेचेन यांच्याकडे पाहायची माझी नजर पहिल्या कामापेक्षा दुसऱ्या कामानं जास्त घडवली. त्यामुळे आधीच सांगतो, 'वीर की फूटपाडे' या प्रश्नावर प्रबंध उभा करू नका. तो प्रश्न स्वभावाचा आहे, आणि स्वभावाचा निकाल प्रत्येक जण आपापल्या पक्षाप्रमाणे लावतो. मेचेन यांच्या कारकिर्दीतला खरा प्रश्न अधिकाराचा आहे. प्राध्यापक कोण नेमणार? मालमत्ता कोणाच्या नावावर? बहुमतानं केलेला ठराव मोठा, की पाळकानं दीक्षेच्या वेळी ज्याला होकार दिला तो विश्वासांगीकार (मंडळीच्या श्रद्धेचं लेखी विधान) आणि मंडळीची घटना मोठी? हे तीन प्रश्न हातात धरून वाचलंत तर दोन्ही बाजूंचे कागद बोलायला लागतील.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. प्रबंध इतिहास विभागात आहे की ईश्वरविज्ञान विभागात? इतिहासात असेल तर भूमिका म्हणजे 'काय घडलं आणि का' याबद्दलचं मत. ईश्वरविज्ञानात असेल तर मेचेन यांचा मुद्दा खरा होता का, हेही तुम्हाला सांगावं लागेल. तुमची स्वतःची मंडळी कोणत्या परंपरेतली आहे यानंही फरक पडतो. वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार (प्रेस्बिटेरियनांचं मूळ श्रद्धाविधान) आणि त्याची प्रश्नोत्तरी घरात ऐकत वाढलेल्या विद्यार्थ्याला यातली अर्धी भांडणं लगेच कळतात. बाकीच्यांनी आधी तो विश्वासांगीकार एकदा सलग वाचून काढावा. चार संध्याकाळी जातील, पण त्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता माणसाकडे येऊ. मेचेन यांचा जन्म २८ जुलै १८८१ रोजी बाल्टिमोरला झाला. वडील वकील, आई जॉर्जियातल्या मेकनची. घर सुखवस्तू, पुस्तकांचं आणि दक्षिणी वळणाच्या प्रेस्बिटेरियन श्रद्धेचं. प्रश्नोत्तरी लहानपणीच पाठ झालेली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी अभिजात भाषा शिकल्या, ग्रीकचे मोठे पंडित बेसिल गिल्डरस्लीव्ह यांच्या हाताखाली. मग १९०२ मध्ये प्रिन्स्टन सेमिनरीत दाखल झाले. ही सेमिनरी १८१२ मध्ये स्थापन झालेली. चार्ल्स हॉज आणि नंतर बेंजामिन वॉरफिल्ड यांच्यामुळे ती अमेरिकेतल्या पुराणमतवादी कॅल्विनवादाचं (धर्मसुधारक जॉन कॅल्विन यांच्या शिकवणीच्या परंपरेचं) मुख्य घर बनली होती.

१९०५ मध्ये ते जर्मनीला गेले, आधी मारबुर्गला आणि मग गॉटिंगनला. या वर्षावर तुमच्या प्रबंधात स्वतंत्र प्रकरण नसेल तर प्रबंध लंगडा होईल. मारबुर्गला त्यांनी विल्हेल्म हेरमान यांची व्याख्यानं ऐकली. हेरमान उदारमतवादी होते. ख्रिस्ताच्या चमत्कारांबद्दल, पुनरुत्थानाबद्दल इतिहास काय सांगतो यावर श्रद्धा टेकवू नये असं शिकवणारे. पण त्यांची ख्रिस्तावरची भक्ती इतकी उत्कट होती की मेचेन गडबडून गेले. घरी लिहिलेल्या पत्रांत ही खळबळ स्पष्ट दिसते. आपण ज्या शिकवणीला चुकीची मानत आलो, ती शिकवणारा माणूस आपल्यापेक्षा जास्त भक्तिमान असू शकतो, हे त्यांना पचवावं लागलं. १९०६ मध्ये ते प्रिन्स्टनला नवा करार शिकवायला परतले, पण पाळकपदाची दीक्षा घेतली १९१४ मध्ये. मधली आठ वर्षं हा माणूस आतून झगडत होता.

माझ्या मते पुढचे मेचेन याच आठ वर्षांतून समजतात. उदारमतवादाबद्दल ते कठोर झाले ते त्याची ओढ स्वतः भोगल्यामुळे. आणि शंका घेणाऱ्या विद्यार्थ्यांशी ते मवाळ राहिले तेही त्यामुळेच. अविवाहित होते, वसतिगृहातच राहायचे, त्यांच्या खोलीत मुलांचा अड्डा असायचा. 'भांडकुदळ' म्हणणाऱ्यांना हे मेचेन ठाऊक नसतात, आणि 'वीर' म्हणणारे त्या आठ वर्षांवरून घाईनं पुढे जातात.

हेरमान यांना त्यांनी दिलेलं उत्तर म्हणजेच त्यांचं सगळं ईश्वरविज्ञान. १९१५ मध्ये प्राध्यापकपद स्वीकारताना त्यांनी 'इतिहास आणि विश्वास' या विषयावर भाषण केलं. मुद्दा असा: शुभवर्तमान म्हणजे वार्ता, घडलेल्या घटनेची बातमी. घटना घडलीच नसेल तर वार्ता उरत नाही, फक्त उपदेश उरतो. आणि उपदेशानं पापी माणसाचं तारण होत नाही. १९२१ च्या 'द ओरिजिन ऑफ पॉल्स रिलिजन' या पुस्तकात त्यांनी हेच प्रेषित पौलाबाबत तपासलं. पौलाचा धर्म ग्रीक गूढपंथांतून आला असं बूसे यांच्यासारखे विद्वान मांडत होते. मेचेन यांनी त्यांचे पुरावे एकेक घेतले, त्यांच्या तारखा आणि मजकूर तपासले, आणि विचारलं: येशूला ओळखणारे लोक जिवंत असताना, त्याच पिढीत, पौल त्याला प्रभू म्हणतो आणि यरुशलेमेतले प्रेषित त्यावर आक्षेप घेत नाहीत, हे कसं? या पुस्तकाला विरोधकांनीही मान दिला. १९३० मध्ये कुमारीपासून झालेल्या जन्मावरचं त्यांचं जाड पुस्तक आलं, तेही याच पठडीतलं. त्यांनी लिहिलेलं नव्या कराराच्या ग्रीकचं प्राथमिक पुस्तक १९२३ चं. ते आपल्याकडच्या अनेक सेमिनऱ्यांत पिढ्यान् पिढ्या चाललं. कदाचित तुम्हीही त्यातूनच धातुरूपं घोकली असतील.

आणखी एक. मेचेन यांना 'फंडामेंटलिस्ट' (बायबलची मूळ शिकवण लढाऊपणे धरून ठेवणारे) हे बिरुद आवडत नसे. नाइलाजानं ते स्वीकारत, पण स्वतःला कॅल्विनवादी म्हणवून घेणं पसंत करत. शाळेत उत्क्रांतिवाद शिकवण्यावरून १९२५ मध्ये गाजलेल्या स्कोप्स खटल्यात साक्ष द्यायला त्यांनी नकार दिला. सहस्रवर्षीय राज्याच्या (ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याच्या) वेळापत्रकांत त्यांना रस नव्हता, मद्यपान मुळातच पाप आहे असं ते मानत नसत. तुमच्या प्रबंधात त्यांना सरसकट फंडामेंटलिस्टांच्या रांगेत उभं केलंत तर शेवटच्या वर्षातली फूट तुम्हाला उलगडणारच नाही.

आता वादाकडे. मे १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या फर्स्ट प्रेस्बिटेरियन मंडळीत हॅरी इमर्सन फॉस्डिक यांनी 'फंडामेंटलिस्ट जिंकणार का?' असं प्रवचन दिलं. फॉस्डिक स्वतः बॅप्टिस्ट होते, प्रेस्बिटेरियन व्यासपीठावरून बोलत होते. पुढच्या वर्षी मेचेन यांचं 'ख्रिस्तिॲनिटी अँड लिबरलिझम' आलं. त्याचा दावा नावातच आहे: उदारमतवाद ही ख्रिस्ती धर्माची एक शाखा नाही, तो वेगळाच धर्म आहे. लोकांना हे वाक्य आठवतं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुस्तकातलं प्रामाणिकपणाचं आर्ग्युमेंट. मंडळी ही स्वेच्छेनं एकत्र आलेल्यांची संस्था आहे. तिचा विश्वासांगीकार ठरलेला आहे. पाळकानं दीक्षेच्या वेळी तो आपला म्हणून मान्य केलेला असतो. आता तो मान्य नसेल तर प्रामाणिक माणसानं बाहेर पडावं, आत राहून शब्दांचे अर्थ बदलू नयेत. हा मुद्दा नीट अधोरेखित करून ठेवा, कारण दहा वर्षांनी तो त्यांच्यावरच उलटला.

त्याआधी १९१० मध्ये प्रेस्बिटेरियन महासभेनं (मंडळीच्या सर्वोच्च सभेनं) पाच गोष्टी आवश्यक म्हणून जाहीर केल्या होत्या: शास्त्राची अचूकता, कुमारीपासून जन्म, ख्रिस्ताचं प्रायश्चित्त, सदेह पुनरुत्थान आणि चमत्कार. १९१६ आणि १९२३ मध्ये हा ठराव पुन्हा झाला. १९२४ च्या सुरुवातीला त्याला उत्तर म्हणून 'ऑबर्न अफर्मेशन' निघालं आणि त्यावर बाराशेहून अधिक पाळकांनी सह्या केल्या. आपल्याकडे ते वाचताना लोक फक्त पाच मुद्द्यांवरचा भाग वाचतात. पहिला भाग वाचा. तिथं घटनात्मक मुद्दा आहे: महासभेला एकटीनं, प्रेसबिटऱ्यांची (एकेका भागातल्या पाळक-वडिलांच्या सभांची) संमती न घेता, पाळकांवर नवी कसोटी लादण्याचा अधिकार नाही.

आणि आता १९३४ पाहा. महासभेनं हुकूम काढला की मेचेन यांनी १९३३ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मिशन मंडळाचा (त्याबद्दल पुढे सांगतो) राजीनामा द्या, नाहीतर शिस्तभंगाची कारवाई. त्या हुकुमाच्या सोबतच्या निवेदनात असंही होतं की मंडळीच्या अधिकृत मिशनकार्याला देणगी द्यायला नकार देणारा सभासद हा प्रभुभोजनात भाग घ्यायला नकार देणाऱ्यासारखाच आहे. मेचेन काय म्हणाले? महासभेला घटनेच्या वर जाऊन पाळकाची सद्सद्विवेकबुद्धी बांधण्याचा अधिकार नाही.

म्हणजे दहा वर्षांत बाजू बदलल्या. १९२४ मध्ये उदारमतवादी म्हणत होते, ठरावापेक्षा घटना मोठी. १९३४ मध्ये मेचेन तेच म्हणत होते, आणि अफर्मेशनवर सही करणारे अनेक जण महासभेच्या हुकुमाच्या बाजूनं उभे होते. गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही: सर्वसाधारण सभेत हात वर करून झालेला ठराव उपविधींच्या विरोधात असला तर काय, हा वाद प्रत्येक सोसायटीत एकदा तरी होतो, आणि बहुमत ज्याच्याकडे असतं त्याला त्या दिवशी उपविधी आठवत नाहीत.

मेचेन यांच्या बाजूनं उत्तर आहे, आणि तुम्ही ते मांडलं पाहिजे. ते असं: पाच मुद्दे विश्वासांगीकारात आधीपासून होते, महासभेनं नवं काही घातलं नाही, मिशन मंडळाला पैसे देण्याची सक्ती मात्र कुठंच नव्हती. हा फरक मला वजनदार वाटतो. पण अचूकतेचा मुद्दा १९१० च्या ठरावात ज्या शब्दांत आहे, त्या शब्दांत तो विश्वासांगीकारात आहे का, यावर प्रामाणिक माणसांत मतभेद होऊ शकतात. तुमच्या प्रबंधाचा गाभा इथं आहे असं मला वाटतं. यावर मराठीत कुणी सविस्तर लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

आता प्रिन्स्टन सोडण्याकडे वळतो. सेमिनरीत तेव्हा दोन मंडळं होती. संचालक मंडळ शिक्षण आणि नेमणुका पाहायचं, विश्वस्त मंडळ पैसा आणि मालमत्ता. संचालकांत पुराणमतवाद्यांचं बहुमत होतं. १९१४ पासून अध्यक्ष असलेले जे. रॉस स्टीव्हन्सन यांची इच्छा होती की सेमिनरी संपूर्ण मंडळीची असावी, तिच्यातल्या सगळ्या विचारप्रवाहांची. मेचेन आणि बहुसंख्य प्राध्यापकांचं म्हणणं होतं की सेमिनरी एका निश्चित ईश्वरविज्ञानासाठी स्थापन झाली आहे. १९२६ मध्ये संचालकांनी मेचेन यांना विश्वाससमर्थन शास्त्राच्या (अपोलॉजेटिक्सच्या) अध्यासनावर निवडलं. महासभेनं मंजुरी लांबवली आणि सेमिनरीची चौकशी करायला समिती नेमली. मंजुरी अडण्यामागं एक कारण असं की मेचेन यांनी आपल्या प्रेसबिटरीत दारूबंदीला पाठिंबा देणाऱ्या ठरावाविरुद्ध मत दिलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच की अशा राजकीय प्रश्नावर मंडळीनं मंडळी म्हणून ठराव करू नये. पण दारूबंदीच्या काळातल्या अमेरिकेत त्याचा अर्थ लोकांनी काय घेतला असेल ते तुम्हीच ताडा.

समितीची शिफारस होती दोन मंडळं मोडून एकच करायची. १९२९ च्या महासभेनं ते मान्य केलं. ३३ जणांचं नवं मंडळ आलं आणि त्यात ऑबर्न अफर्मेशनवर सह्या केलेले दोघे होते. टीकाकार म्हणतात, ३३ पैकी दोन! एवढ्यावरून कोणी शंभर वर्षांची संस्था सोडतं का?

इथं मी नियामक मंडळावर बसलेला माणूस म्हणून बोलतो. मंडळात दोन माणसं असणं ही लहान गोष्ट नसते, कारण मुद्दा त्या दोघांचा नसतोच. त्यांना आत घेण्याला मंडळाची हरकत नाही, हे एकदा ठरलं की पुढच्या नेमणुकीच्या वेळी हरकत घेणारा एकटा पडतो. मी अशा बैठका पाहिल्या आहेत. तिथं शिकवण बदला असा ठराव कोणी आणत नाही, फक्त एक पद रिकामं होतं, आणि उमेदवारांच्या यादीत आता कोणाचं नाव चालू शकतं ते बदललेलं असतं. मेचेन यांनी हे ओळखलं. पण उलट पुरावाही ठेवा: गेरहार्डस वॉस आणि कास्पर विस्टर हॉज यांच्यासारखे तितकेच कट्टर कॅल्विनवादी प्रिन्स्टनला थांबले, आणि त्यांच्या शिकवण्यावर कोणी बंधन घातलं नाही. प्रिन्स्टनचं वळण ठळकपणे बदललं ते १९३६ मध्ये जॉन मॅके अध्यक्ष झाल्यानंतर. तेव्हा 'मेचेन यांचा अंदाज चुकला' हे म्हणणं टिकत नाही, आणि 'प्रिन्स्टन एका रात्रीत बुडालं' हेही नाही. आहे त्या पिढीला जागा मिळाली, पुढची पिढी वेगळी नेमली गेली.

मेचेन, रॉबर्ट डिक विल्सन, ओस्वाल्ड ॲलिस आणि तरुण कॉर्नेलियस व्हॅन टिल हे चौघे निघाले. २५ सप्टेंबर १९२९ रोजी फिलाडेल्फियात वेस्टमिन्स्टर सेमिनरी उघडली, पहिली इमारत पाइन स्ट्रीटवर, विद्यार्थी पन्नास. महिनाभरात शेअर बाजार कोसळला. मेचेन यांच्याकडे घरची संपत्ती होती आणि तिचा उपयोग त्यांनी केला, तरी मंदीच्या काळात देणगीवर चालणारी सेमिनरी म्हणजे काय हे चालवणाऱ्यालाच कळतं. नव्या सेमिनरीची रचना बघण्यासारखी आहे. मंडळीपासून स्वतंत्र. अध्यक्ष नाहीच, प्राध्यापकच कारभार पाहणार, मेचेन त्यांच्या बैठकीचे प्रमुख. प्रिन्स्टनमध्ये ज्या दोन दारांतून धोका आला असं त्यांना वाटलं, ती दोन्ही दारं, महासभा आणि अध्यक्ष, त्यांनी नव्या घरात ठेवलीच नाहीत. सेमिनरीचे नेते म्हणून मेचेन यांचं मूल्यमापन करायचं तर त्यांच्या भाषणांआधी ही रचना वाचा.

किंमतही होती. मंडळीचं नियंत्रण नाही म्हणजे मंडळीचा आधारही नाही. इथून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला दीक्षा त्याच जुन्या मंडळीच्या प्रेसबिटरीत मागायची, आणि १९३४ नंतर काही प्रेसबिटऱ्या उमेदवारांना आधी विचारायला लागल्या की अधिकृत मिशन मंडळांना पाठिंबा देणार का.

इथं थोडं थांबून दोन गोष्टी वेगळ्या करतो, कारण तुमच्या प्रश्नात त्या एकत्र झाल्या आहेत. १९२९ मध्ये मेचेन यांनी सेमिनरी सोडली, मंडळी सोडली नाही. मंडळीत ते १९३६ पर्यंत होते. ऑफिशियल मिशन मंडळाला समांतर मंडळ काढलं ते १९३३ मध्ये, आणि खटला झाला तो त्यावरून. मला विचाराल तर १९२९ चं समर्थन करणं सोपं आहे, १९३३ चं अवघड.

१९३३ चा आपल्याशी खराखुरा संबंध आहे. प्रेस्बिटेरियन परदेशी मिशन मंडळ म्हणजे तेच, ज्याचं काम कोल्हापूर, सांगली, मिरज, रत्नागिरी भागात होतं. मिरजेचं वॉनलेस यांचं हॉस्पिटल त्याच कामातलं. १९३२ मध्ये हार्वर्डचे विल्यम हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल निघाला, भारत, ब्रह्मदेश, चीन आणि जपानमधल्या मिशनकार्याची पाहणी करून. त्यात शिफारस होती की शाळा आणि दवाखान्यांचं काम थेट सुवार्ताप्रसाराच्या जबाबदारीतून मोकळं करावं, आणि इतर धर्मांशी एकत्र सत्यशोध करावा. चीनमध्ये प्रेस्बिटेरियन मिशनरी असलेल्या लेखिका पर्ल बक यांनी त्याचं मनापासून स्वागत केलं. मेचेन यांनी मिशन मंडळावर ११० पानांची टीका लिहिली. एप्रिल १९३३ मध्ये ट्रेंटनला प्रेसबिटरीपुढे ते आणि मंडळाचे सचिव रॉबर्ट स्पीअर समोरासमोर बोलले. स्पीअर स्वतः उदारमतवादी नव्हते, ते वैयक्तिक श्रद्धेनं सनातनीच. परदेशी मिशनकार्यासाठीच्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीतून आलेले, आणि ती चळवळ उभी करणाऱ्यांतले रॉबर्ट वाइल्डर हे तर कोल्हापुरात जन्मलेले. प्रेसबिटरीनं स्पीअर यांच्या बाजूनं कौल दिला. मग जूनमध्ये मेचेन यांनी स्वतंत्र मंडळ काढलं.

माझं मत: टीका करणं, देणगी थांबवणं, ठराव मांडत राहणं हे सगळं त्यांच्या घटनात्मक हक्कात होतं. पण त्याच मंडळीतल्या पाळकांनी समांतर मंडळ काढणं हे कोणतीही संस्था सहन करणार नाही, आणि मेचेन यांना हे दिसत नसेल असं मानणं कठीण आहे. मात्र महासभेनं जे केलं ते त्याहून वाईट. १९३५ च्या खटल्यात न्यायमंडळानं ठरवलं की हुकूम घटनेला धरून होता का, मिशन मंडळात खरंच उदारमतवाद होता का, यावर आरोपीला बोलताच येणार नाही. बचावाचा मुद्दाच काढून घेतला की निकाल आधीच लागलेला असतो. मेचेन दोषी ठरले, पाळकपदावरून निलंबित झाले, आणि १९३६ च्या महासभेनं ते कायम केलं. ११ जून १९३६ रोजी फिलाडेल्फियात ३४ पाळकांनिशी नवी मंडळी स्थापन झाली. नावावरून जुन्या मंडळीनं दावा लावल्यामुळे १९३९ मध्ये तिचं नाव ऑर्थोडॉक्स प्रेस्बिटेरियन चर्च झालं.

शेवटचं वर्ष फार वेदनेचं गेलं. मंडळी सोडायच्या प्रश्नावर वेस्टमिन्स्टरचे अनेक विश्वस्त आणि खुद्द ॲलिस १९३६ च्या सुरुवातीला बाहेर पडले. कार्ल मॅकिंटायर आणि त्यांच्या गटाला नव्या मंडळीत सहस्रवर्षीय राज्याबद्दलचं एक विशिष्ट मत आणि मद्यत्याग हवा होता. नोव्हेंबरमध्ये त्याच गटानं मेचेन यांना त्यांनीच स्थापलेल्या मिशन मंडळाच्या अध्यक्षपदावरून हटवलं. डिसेंबरच्या शेवटी थकलेले मेचेन नॉर्थ डकोटाच्या थंडीत प्रवचनांना गेले, न्यूमोनिया झाला, आणि १ जानेवारी १९३७ रोजी बिस्मार्कच्या रुग्णालयात वारले. वय ५५. शेवटची तार त्यांनी सहकारी जॉन मरे यांना पाठवली, ख्रिस्ताच्या सक्रिय आज्ञापालनाबद्दल आभार मानणारी. ख्रिस्तानं आपल्या जागी नियमशास्त्र पूर्ण पाळलं, हा कॅल्विनवाद्यांचा अगदी नेमका सिद्धांत. मरतानाही हा माणूस ढोबळ भाषेत बोलला नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नव्हती, पण ती प्रबंधात टाळू नका. १९१३ मध्ये प्रिन्स्टनच्या वसतिगृहात एका काळ्या विद्यार्थ्याला राहू द्यायला वॉरफिल्ड यांनी मान्यता दिली, तेव्हा मेचेन यांनी आईला लिहिलेल्या पत्रात त्याविरुद्ध जोरदार नाराजी व्यक्त केली. वॉरफिल्ड यांचा विश्वासांगीकार तोच होता, शास्त्रावरचा विश्वास तोच. त्यांनी वर्णभेदाविरुद्ध लिहिलं. म्हणजे 'तो काळच तसा होता' ही सबब इथं चालत नाही, कारण त्याच काळात, त्याच इमारतीत वेगळं वागणारा गुरू होता. आपल्या मराठी मंडळ्यांतली बहुसंख्य घराणी ज्या समाजांतून आली, त्यांना गावाच्या विहिरीवर आणि वसतिगृहाच्या दारात काय ऐकावं लागलं हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही. मेचेन यांच्यावर आपल्याकडे लिहिणाऱ्यानं या पत्राला तळटीपेत ढकलू नये.

आणि त्याच माणसाची दुसरी बाजू: सरकारी शाळांत बायबलवाचन आणि प्रार्थना सक्तीच्या करायला त्यांनी विरोध केला. सगळ्या मुलांनी सरकारी शाळेतच जावं असा ऑरेगॉन राज्याचा कायदा कॅथॉलिक शाळांच्या मुळावर येत होता, त्यावर त्यांनी टीका केली. १९२६ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याच्या प्रस्तावाविरुद्ध काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. अल्पसंख्याकाला आपली शाळा चालवू द्या, सरकारनं श्रद्धा शिकवू नये, हा त्यांचा आग्रह भारतातल्या ख्रिस्ती वाचकाला फार ओळखीचा वाटेल. या दोन बाजू जुळवायचा प्रयत्न करू नका. शेजारी शेजारी ठेवा.

वाचायचा क्रम असा ठेवा. आधी १९१५ चं भाषण, मग 'ख्रिस्तिॲनिटी अँड लिबरलिझम' पूर्ण, मग १९२९ चं वेस्टमिन्स्टरच्या उद्घाटनाचं भाषण. त्यानंतर लगेच विरोधी कागद: ऑबर्न अफर्मेशन, १९२५ मध्ये महासभेनं या वादावर नेमलेल्या विशेष आयोगाचा अहवाल, १९३४ चा हुकूम. चरित्रं शेवटी. त्यांचे विद्यार्थी नेड स्टोनहाउस यांचं चरित्र पत्रांसाठी अमूल्य आहे, पण ते शिष्यानं लिहिलेलं आहे हे विसरू नका. ब्रॅडली लाँगफिल्ड यांनी मेचेन यांना स्पीअर आणि प्रिन्स्टनचेच प्राध्यापक चार्ल्स अर्डमन यांच्या शेजारी ठेवून पाहिलंय, त्यानं तोल येईल.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. आत राहावं की बाहेर पडावं हे मी दुरून सांगू शकत नाही, कारण तुमच्या संस्थेची घटना मी पाहिलेली नाही. तुम्ही तरी पाहिली आहे का? बहुतेकांनी पाहिलेली नसते. कार्यालयातून ट्रस्ट डीड आणि नियमावलीची प्रत मागा. त्यात नियामक मंडळ कोण निवडतं, प्राध्यापकाची नेमणूक कोण नाकारू शकतं, आणि विश्वासविधान बदलायला किती बहुमत लागतं, ही तीन कलमं शोधा. ती सापडली की मला पुन्हा लिहा, मग बोलू. प्रत द्यायला टाळाटाळ झाली तर तेही कळवा.